म्हाइंभटांची ओळख

लीळाचरित्राचे नित्य पारायण करणाऱ्या सद्भक्तासही त्या ग्रंथाच्या कर्त्याविषयी विचारले, तर तो क्षणभर थांबतो. सर्वज्ञांच्या लीळा मुखोद्गत असतात, नागदेवाचार्य डोळ्यांपुढे असतात, महदाइसा असते. म्हाइंभट मात्र दिसत नाहीत. हे न दिसणे त्यांनी साधलेले आहे, आणि ते सहज साधलेले नाही.

सराळे गावचे हे प्रकांड पंडित. गणपती आपये यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले आणि त्या विद्येचा त्यांना विलक्षण गर्व झाला. पंथात असे सांगितले जाते की ते दिवसाढवळ्या दिवटी लावून हिंडत आणि पायी गवत बांधीत. इतर विद्वान आपणांपुढे तृणवत्‌ आहेत, हा त्याचा भावार्थ. आज आपण हे वाचून हसतो. परंतु कुळाचे, पदवीचे, किंबहुना दीक्षेच्या ज्येष्ठतेचे गवत आपल्याही पायी असतेच. दिवटी तेवढी आपण लावीत नाही.

डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधरांची भेट झाली, आणि वादासाठी सज्ज होऊन गेलेले म्हाइंभट तेथून निराळेच होऊन निघाले. शास्त्र जाणणे आणि शास्त्रात सांगितलेली वस्तू जाणणे यांतील अंतर त्यांस त्या सन्निधानात कळले. इतके दिवस ज्याला ते ‘मी’ म्हणत होते, ती केवळ मिळविलेली विद्या होती.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ‘मी’ नाहीसा व्हावा, असे परमार्ग सांगत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपल्या तत्त्वज्ञानात परस्परभिन्न आहेत. जीव बद्धमुक्त आहे. मुक्तीतही तो परमेश्वरात विरून जात नाही, तर जीव म्हणूनच तो आनंद भोगतो. तेव्हा जीवाचे असणे हा दोष नव्हे. देहाला, गावाला, पांडित्याला जीव समजणे हा दोष, आणि त्यालाच आपण अन्यथाज्ञान म्हणतो. स्वदेश, स्वग्राम आणि आप्तसंबंध सोडण्याची आज्ञा याच दृष्टीने पाहावी. जेथे कोणी आपणास नावाने हाक मारीत नाही, तेथे कालपर्यंतचा ‘मी’ कशावर उभा राहणार?

सर्वज्ञ इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे गेल्यावर म्हाइंभट नागदेवाचार्यांच्या सहवासात रिद्धपुरी राहिले. आचार्य लीळांचे स्मरण करीत, हे ऐकत. पुढे वाजेश्वरीत त्यांनी त्या लिहून घेतल्या. जे ज्याने पाहिले ते त्याच्याकडूनच कळावे, म्हणून गावोगावी भक्तांचा शोध घेत हिंडले. कालचा दिग्विजयी पंडित आता कोणा साध्या भक्ताच्या दारी बसून, स्वामी त्या दिवशी कोठे उतरले होते, समीप कोण होते, हे विचारीत होता. स्वतःची ओळख टाकून आलेला हा पुरुष इतरांची ओळख इतक्या काटेकोरपणे जपतो की लहानसहान माणसाचेही नाव गाळीत नाही. आणि हे सारे संस्कृतात नव्हे, सामान्य जनांच्या मराठीत. ज्या विद्येचा गर्व वाहिला, तिचा एकही अलंकार त्यांनी या गद्यावर चढविला नाही.

श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांचेच. मूळ लीळाचरित्राची पोथी मात्र यादव राज्याच्या अखेरच्या धामधुमीत नष्ट झाली, अशी परंपरा आहे. हिराइसा आदी भक्तांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. म्हणून हस्तलिखितांत निरनिराळ्या वासना आणि शोध नोंदलेले आढळतात, डॉ. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या संपादनात हे पाठभेद जिज्ञासूंनी अवश्य पाहावेत. आज या ग्रंथातील कोणते वाक्य नेमके म्हाइंभटांच्या हातचे, हे निश्चयाने सांगता येत नाही.

त्याच ग्रंथात म्हाइंभट नावाचा एक अभ्यागत येतो. इतर कोणाही अभ्यागतासारखाच तो तृतीय पुरुषी सांगितला आहे. लेखणी धरणारा तोच, हे वाचताना ध्यानातही येत नाही.