चार स्क्रूंची गिटार

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाचे आजोबा एक लांबट काळी पेटी घेऊन घरी आले. पेटीत त्यांच्या धाकट्या भावाची विजेवर वाजणारी गिटार होती. भाऊ १९७० नंतर शिकायला अमेरिकेत गेले होते, येताना ती घेऊन आले, आणि पुढे नोकरी-संसारात ती माळ्यावरच राहिली. भाऊ आता नाहीत. गिटारीच्या शिरावर फेंडर हे नाव होते. १९६५ पूर्वीची अस्सल फेंडर असेल तर तिचे एवढे पैसे येतात की मांडवीजवळच्या जुन्या घराचे छप्पर नव्याने घालता येईल, असे आजोबांना कोणीतरी सांगितले होते. ती अस्सल आहे की नाही, एवढेच मी बघून सांगायचे होते.

माझे वडील वडोदऱ्याच्या दरबारात, कलावंत कारखान्याच्या अगदी अखेरच्या वर्षांत, सतार वाजवीत. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, परंतु वडिलांकडे जुने तंबोरे पारखायला आणणारी माणसे पुष्कळ पाहिली. वडील वाद्य हातात घेतले की आधी पालथे घालीत. भोपळा आणि दांडी जिथे मिळतात तो सांधा बघत, मग खुंट्यांची भोके, मग घोडीखालची जागा. दर्शनी बाजू सर्वांत शेवटी. मीही त्याच सवयीने ती गिटार पालथी घातली. मागे, दांडी आणि धड जिथे मिळतात तिथे, पोलादाची एक चौकोनी पट्टी आणि चार स्क्रू होते. ते स्क्रू सोडवण्यापूर्वी ज्या माणसाने ते तिथे बसवायचे ठरवले त्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय ही पारख कळत नाही.

क्लॅरन्स लिओनिडास फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, फुलरटन गावाच्या परिसरात झाला. आईबापांचा संत्र्यांचा मळा होता. आठव्या वर्षी एका डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा बसवला गेला. नात्यातल्या एका वडीलधाऱ्याचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. तिथे सुट्या भागांतून जुळवलेला एक रेडिओ या मुलाने ऐकला आणि तेव्हापासून रेडिओचे वेड लागले. शिकला मात्र तो हिशेबनिसी. विजेचे शिक्षण त्याने शाळा-कॉलेजात कधी घेतले नाही. मंदीच्या दिवसांत हिशेबनिसाची नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली ६०० डॉलर कर्जाऊ घेऊन त्याने फुलरटनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

पुढच्या सगळ्या गोष्टी मला या दुकानातून निघालेल्या दिसतात. गावोगाव वाजवणारी मंडळी आपले बिघडलेले ध्वनिवर्धक त्याच्याकडे आणीत. काय वारंवार मोडते, कुठली तार निसटते, कुठले बटण आधी झिजते, हे त्याला रोज दिसत होते. १९४५ साली डॉक कॉफमन या वादकाबरोबर त्याने मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारी आणि त्यांचे ध्वनिवर्धक करायला घेतले. १९४६ मध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली. आपल्याकडे व्हॅन शिप्ले ज्या प्रकारच्या गिटारीवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना वाजवीत, आणि ज्या धुना आपल्या कित्येक घरांत रेडिओवर ऐकल्या गेल्या, त्याच घराण्याचे हे वाद्य.

उभ्याने वाजवायच्या गिटारीची अडचण निराळी होती. पोकळ गिटारीला पिकअप लावून आवाज वाढवला की पोकळी स्वतःच गुंजू लागते आणि शीळ घुमते. फेंडरने पोकळीच काढून टाकली. एक भरीव फळी, तिच्यावर पिकअप, आणि मेपल लाकडाची दांडी. ही दांडी त्याने सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी बसवली. जुन्या घराण्याच्या गिटार-कारागिरांना हे सुतारकाम वाटले असेल. परंतु दांडी वाकली, पडदे झिजले, तर वादकाने महिनाभर वाद्याविना बसू नये. जुनी काढावी, नवी बसवावी, संध्याकाळच्या कार्यक्रमाला जावे, हा त्याचा हिशेब होता. दुरुस्ती करणाऱ्यानेच बांधलेले हे वाद्य.

आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. लहानपणी त्याने सॅक्सोफोनवर थोडा हात चालवला होता, पण गिटारीच्या तारा जुळवणेही त्याला येत नसे. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला खरे वाटेना. ज्याला जवारी कळत नाही त्याने तंबोऱ्याची घोडी तासावी, तसेच हे. पण तो वादकांना बोलावी, नवा नमुना त्यांच्या हाती देई, रात्री कार्यक्रमात वाजवून आणायला सांगे, आणि ते काय कुरकुर करतात ते ऐकून घेई. आपल्या कानापेक्षा दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास अधिक होता.

१९५० साली ही गिटार बाजारात आली. दोन पिकअपच्या गिटारीचे नाव ब्रॉडकास्टर. ग्रेट्श कंपनीच्या ढोलांचे नाव जवळपास तेच होते. १९५१ च्या आरंभी तिने हरकत घेतली. फेंडरकडे छापून ठेवलेल्या नावपट्ट्या होत्या. त्या फेकून देणे हिशेबनिसाला परवडणारे नव्हते. त्याने पट्टीवरचे ब्रॉडकास्टर तेवढे कातरून टाकायला लावले आणि नुसते फेंडर ठेवून माल पाठवला. काही महिन्यांनी टेलिकास्टर हे नाव ठरले. मधल्या त्या बिननावी गिटारी आज संग्राहक जिवाच्या आकांताने शोधतात. त्याच वर्षी त्याने उभ्या बेसच्या जागी आडवा, पडदे असलेला विजेचा बेस काढला, आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. तिच्या घडणीत फ्रेडी टव्हारेस या हवाईच्या वादकाचा मोठा वाटा होता.

विजेची गिटार फेंडरने शोधली असे म्हणणे चूक आहे. रिकनबॅकरची १९३० च्या दशकातच विकली जात होती. सहाही खुंट्या एका बाजूला असलेली भरीव गिटार पॉल बिग्स्बीने मर्ल ट्रॅव्हिससाठी १९४८ मध्येच केली होती, आणि कोणी कोणाचे पाहिले हा वाद अजून चालतो. फेंडरचे स्वतःचे असे काही असेल तर ते हेच, की साध्या कामगारांनी सुटे भाग जुळवून करावी आणि कोणीही दुरुस्त करावी अशी गिटार त्याने दिली. बडी हॉलीने ती वाजवली, जिमी हेंड्रिक्सने १९६७ मध्ये मॉन्टेरेला तिच्यासारखीच एक पेटवून दिली. खुद्द फेंडरची आवड मात्र गुराख्यांच्या गावठी संगीताची होती.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्याला जंतुसंसर्गाचा एक चिवट आजार जडला होता. आपण आता फार दिवस काढत नाही असे वाटून त्याने कंपनी विकायला काढली, आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या रेडिओ-टेलिव्हिजनच्या बड्या कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. त्यानंतर डॉक्टर बदलला, जोरदार औषध मिळाले, आणि माणूस बरा झाला! पुढे तो २६ वर्षे जगला. परंतु नाव विकून झाले होते, आणि दहा वर्षे स्पर्धा न करण्याचा करारही.

गिटारींच्या बाजारात १९६५ हे साल गावाच्या वेशीसारखे झाले ते यामुळे. वेशीअलीकडची गिटार आणि पलीकडची, यांच्या किमतींत फार अंतर पडते, म्हणून पारखीला महत्त्व. आता ती पारख करायची कशी? शिरावरच्या नावावर भरवसा ठेवू नये. नावाच्या पट्ट्या सहज बनतात. मागच्या पट्टीवरच्या क्रमांकावरही नाही. कारखान्यात त्या पट्ट्या खोक्यातून हाताला येईल तशा घेतल्या जात, शिवाय चार स्क्रू काढले की पट्टी दुसऱ्या गिटारीला जाते. खरे बघायचे ते दांडीच्या टाचेवर, जिथे ती धडात दडलेली असते. १९६२ च्या आरंभापर्यंत तिथे पेन्सिलीने तारीख लिहीत, नंतर रबरी शिक्का आला: महिना, साल, आणि दांडीच्या रुंदीचे एक अक्षर. ती तारीख दांडीची, संपूर्ण वाद्याची नव्हे. १९५९ पासून दांडीवर शिसवी जातीच्या लाकडाची पट्टी आली. १९६२ पर्यंत ती जाड व सपाट बुडाची, नंतर पातळ, दांडीच्या गोलाईवर वळलेली.

मग पुढची पांढरी पत्री उचलावी. आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांखाली जे पॉट असतात त्यांच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, पुढचे साल आणि आठवडा यांचे. त्यावरून वाद्य कधीचे ते कळत नाही, कधीच्या आधीचे नाही ते कळते. १९६६ मध्ये घाऊक घेतलेले पॉट पुढे कित्येक वर्षे वापरले गेले. डाख बघावा. जुना डाख निस्तेज असतो. चकचकीत असेल तर कोणाचा तरी हात फिरला आहे.

सर्वांत मजेची खूण खिळ्यांची आहे. त्या काळी रंग देताना धडाला चार खिळे ठोकत, म्हणजे ते टेबलावर उलटसुलट ठेवता येई. रंग वाळल्यावर खिळे काढत. म्हणून मूळ रंग असेल तर त्या भोकांत आत कोरे लाकूड दिसते. भोकात रंग उतरलेला असेल तर तो रंग पुन्हा दिलेला, मग वरून कितीही जुना भासो. पुन्हा रंग दिला की किंमत साधारण निम्मी होते, असा विक्रेत्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे ज्या माणसाने वाद्य पुन्हापुन्हा उघडावे, भाग बदलावेत म्हणून स्क्रू दिले, त्याच्या वाद्याची किंमत आता ते कधीच उघडले नाही यावर ठरते. माझ्यातल्या वादकाला हे मुळीच पटत नाही. पण बाजार मला विचारून चालत नाही.

फेंडर मात्र काम करीतच राहिला. करार संपल्यावर १९७५ मध्ये तो म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला, पुढे जुना सहकारी जॉर्ज फुलरटन याच्याबरोबर जी अँड एल काढली. १९८५ साली सीबीएसने त्याची जुनी कंपनी तिच्याच व्यवस्थापकांना सव्वा कोटी डॉलरला, म्हणजे घेतली त्याहून कमी पैशांत, विकली. त्याच वर्षी फेंडरने जी अँड एलच्या एका गिटारीला आपले जुने, गमावलेले नाव दिले: ब्रॉडकास्टर. या खेपेला हरकत आली ती त्याचेच आडनाव मिरवणाऱ्या कंपनीकडून. नाव पुन्हा बदलावे लागले. १९६५ नंतर ज्या गिटारींवर फेंडर लिहिले गेले त्या त्याने केलेल्या नव्हत्या, आणि त्याने ज्या केल्या त्या दुसऱ्याच नावाने विकल्या गेल्या. त्यांतली अस्सल फेंडर कोणती म्हणायची, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. कंपवाताने हात थरथरत असतानाही तो रोज कारखान्यात जात असे. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला. त्याची कामाची खोली पुढे बरीच वर्षे होती तशीच ठेवली होती.

तर आजोबांची गिटार. दांडीच्या टाचेवर १९६४ चा शिक्का होता, स्वच्छ. पॉट १९६६ चे निघाले. खिळ्यांच्या भोकांत रंग उतरलेला होता, आणि एका जागी डाख नवा होता. दांडी एकीची, धड दुसरीचे. दोन्ही त्याच कारखान्याचे, पण वेशीच्या दोन बाजूंचे. कोणीतरी, बहुधा भाऊंनी विकत घेण्याआधीच, ती जोडून वाजती केली होती. मी तसेच सांगितले. छपराचे पैसे यातून निघणार नाहीत, हेही सांगितले. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, म्हणजे ही नकली का? मी नाही म्हटले. दांडी पुन्हा जागेवर ठेवून चारही स्क्रू आवळले. नातवाने तारा चढवल्या. तिसरी तार तेवढी सारखी उतरत होती, तिची खुंटी बदलायला हवी.