फर्डिनांड पोर्शे: नुसत्या फिरणाऱ्या चाकाला आवर घालणारा माणूस

चिखलात अडकलेला ट्रॅक्टर तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. एक चाक गरागरा फिरत चिखल उडवतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. मग ड्रायव्हर डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. साधारण ९० वर्षांपूर्वी हाच प्रॉब्लेम जर्मनीतल्या एका अफाट ताकदीच्या रेसिंग कारला छळत होता. त्यावर लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजेच एलएसडी, तयार करून घेणारा माणूस म्हणजे फर्डिनांड पोर्शे. हो, तोच पोर्शे, ज्याचं नाव आज गाड्यांवर दिसतं.

पत्र्याच्या दुकानातला मुलगा

फर्डिनांडचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावातला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पत्र्याचं काम करायचे आणि मुलानेही तेच करावं अशी त्यांची इच्छा होती. पण फर्डिनांडला वेड होतं विजेचं. दिवसा दुकानात हातोडा आणि संध्याकाळी रायशेनबर्गच्या तांत्रिक शाळेत तास, असं त्याचं चालायचं. वयाच्या १८ व्या वर्षाच्या आसपास त्याने स्वतःच्या घरात विजेचे दिवे बसवले. १८९३ मध्ये तो व्हिएन्नाला विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत कामाला लागला. इंजिनिअरिंगची रीतसर डिग्री त्याच्याकडे नव्हती. नावापुढे लागलेली डॉक्टर ही पदवी नंतर मिळालेली मानद पदवी आहे.

डिफरन्शियल नसलेली गाडी

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते पाहू. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता कापावा लागतो आणि आतल्या चाकाला जवळचा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळताना टायर घासतात. म्हणून मध्ये गिअरची एक जुळणी असते, जी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देते. तिलाच डिफरन्शियल म्हणतात.

तरुण पोर्शेने ही भानगडच टाळली होती. लोनर या व्हिएन्नाच्या कंपनीसाठी त्याने बनवलेली इलेक्ट्रिक गाडी १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांत एकेक मोटर होती. प्रत्येक चाक आपापलं फिरणार, मग डिफरन्शियल हवं कशाला? आजच्या काही ई-स्कूटरमध्ये असते ती हब मोटर याच जातीची. अडचण होती ती शेकडो किलो वजनाच्या बॅटरीची.

१६ सिलिंडर, तरी ताकद वाया

पुढे पोर्शेने ऑस्ट्रो-डाइमलर आणि डाइमलर या कंपन्यांत मोठ्या जागांवर काम केलं आणि १९३१ मध्ये स्टुटगार्टला स्वतःचं डिझाईन ऑफिस थाटलं. तिथेच ऑटो युनियनच्या रेसिंग कारचं डिझाईन झालं. त्या काळी रेसिंग कारचं इंजिन सहसा ड्रायव्हरच्या पुढे असायचं. पोर्शेने ते मागे बसवलं, आणि तेही १६ सिलिंडरचं. १९३६ च्या मॉडेलमध्ये इंजिन ६ लिटरचं होतं आणि ताकद सुमारे ५२० हॉर्सपॉवर.

गंमत अशी की एवढी ताकद रस्त्यावर उतरतच नव्हती. वळणावर आतल्या मागच्या चाकावरचा भार कमी व्हायचा आणि ते जागच्या जागी फिरायचं. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की त्याला जेवढा जोर पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. ताशी १६० किलोमीटरच्या वेगापर्यंतही चाक असं नुसतं फिरायचं.

इथे इंजिन आणखी मोठं करून काहीच उपयोग नव्हता. १९३५ मध्ये पोर्शेने गिअर बनवण्यात मुरलेल्या झेडएफ कंपनीला हे काम दिलं. त्यांनी उंचसखल कडांच्या दोन रिंगांच्या मध्ये सरकत्या पिना बसवल्या. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार जोरात फिरायला लागलं की पिना घासतात, अडतात आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. वळताना लागते तेवढी मोकळीक मात्र राहते. पूर्ण लॉकही नाही आणि पूर्ण मोकळंही नाही, म्हणून नाव लिमिटेड स्लिप.

नावामागची काळी बाजू

ही गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील. ऑटो युनियनच्या रेसिंगला नाझी सरकारचा पैसा मिळत होता. हिटलरला हवी असलेली लोकांची गाडी, म्हणजे फोक्सवॅगन बीटल, पोर्शेनेच डिझाईन केली. १९३७ मध्ये तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. युद्धाच्या काळात फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकैदी आणि छळछावणीतल्या कैद्यांसह हजारो लोकांना जबरदस्तीने राबवलं गेलं, आणि त्या कारखान्याच्या प्रमुखांमध्ये पोर्शे होता. १९४५ च्या डिसेंबरमध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. खटला न चालताच जवळपास २० महिने तो कैदेत होता. ३० जानेवारी १९५१ ला स्टुटगार्टमध्ये त्याचा मृत्यू झाला. मशीनमधली चूक अचूक हेरणाऱ्या या माणसाने आपलं काम कोणाच्या कामी येतंय याकडे मात्र डोळेझाक केली.

स्वतः एलएसडी बसवायचंय?

आधी गाडी कोणती ते बघा. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आत असतं. म्हणजे अख्खा गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत काम थोडं सोपं. गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची (नुसत्या जॅकवर कधीच नाही), ऑईल काढायचं, अ‍ॅक्सल बाहेर ओढायचे, जुनं डिफरन्शियल काढून त्याचा क्राऊन गिअर नव्या एलएसडीवर चढवायचा. बेअरिंगच्या कॅप डावी-उजवी खूण करून त्याच जागी परत लावायच्या. शेवटी ऑईल एलएसडी बनवणाऱ्याने सांगितलेलंच भरायचं.

खरी परीक्षा असते क्राऊन आणि पिनियनच्या दातांमधली फट. ती डायल गेजने मोजून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवावी लागते. चुकली तर गाडी आधी घोंगावते आणि मग दातच खाऊन टाकते. तुमच्याकडे डायल गेज नसेल तर बाकीचं काम घरी करा आणि ही सेटिंग मुरलेल्या मेकॅनिककडून करून घ्या. यात कमीपणा काहीच नाही. घरात स्वतःच्या हाताने वीज खेळवणाऱ्या पोर्शेनेही हे काम गिअरवाल्यांकडेच दिलं होतं.