स्टॅनफर्ड : नावामागचा माणूस

तुमच्या ग्रुपमध्ये एकजण तरी असेलच, ज्याला एमएससाठी स्टॅनफर्डला जायचंय. पण या नावाचा माणूस कोण होता, माहितीये?

लीलँड स्टॅनफर्ड, जन्म १८२४. पेशाने वकील. १८५२ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला. सोनं खणण्याऐवजी खणणाऱ्यांना माल विकून त्याने पैसा केला. १८६१ मध्ये तिघा व्यापाऱ्यांसोबत ‘सेंट्रल पॅसिफिक’ रेल्वे कंपनी काढली आणि अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी राज्याचा गव्हर्नरही झाला! म्हणजे मदत मागणारा तोच, देणाराही तोच.

अमेरिकन सरकार मैलामागे सपाटीवर १६ हजार, तर डोंगरात ४८ हजार डॉलरचे कर्जरोखे देत होतं. मग काय, सॅक्रामेंटोपासून अवघ्या ७ मैलांवर कागदोपत्री डोंगर सुरू झाला! बांधकामाचं कंत्राटही पुढे या चौघांच्याच दुसऱ्या कंपनीला मिळालं. तिच्या हिशेबाच्या वह्या नंतर गायब झाल्या. मार्ग शोधणारा इंजिनिअर थिओडोर जूडा या चौघांना बाजूला सारायला नवे भांडवलदार शोधत निघाला. वाटेत पनामात पीतज्वराने गाठलं. १८६३ मध्ये, ३७ व्या वर्षी तो गेला.

खरा डोंगर फोडला चिनी मजुरांनी. गव्हर्नर म्हणून स्टॅनफर्ड चिनी लोकांच्या येण्याविरुद्ध बोलला होता. पण गोरे मजूर टिकेनात, तेव्हा त्याच्या कंपनीने हजारो चिनी कामाला लावले. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये बोगदा दिवसाला काही इंचच पुढे सरकायचा. हिमकडे कोसळून माणसं गाडली जायची. जून १८६७ मध्ये त्यांनी गोऱ्यांइतका पगार आणि कमी तास मागत संप केला. कंपनीने धान्यच तोडलं. आठवड्यात संप मोडला.

१० मे १८६९ ला युटात दोन्हीकडचे रूळ जुळले. सोन्याच्या शेवटच्या खिळ्याचा मान स्टॅनफर्डला मिळाला. त्या दिवसाच्या गाजलेल्या फोटोत चिनी चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत.

१८८४ मध्ये त्याचा १५ वर्षांचा एकुलता एक मुलगा टायफॉइडने गेला. त्याच्या आठवणीसाठी आईवडिलांनी विद्यापीठ उभारलं. १८९१ मध्ये ते सुरू झालं, १८९३ मध्ये स्टॅनफर्ड वारला.

दुःख खरं होतं, देणगीही मोठी. पण मुलाचं नाव जगभर पोचलं आणि बोगद्यातल्या बहुतेकांची नावं कंपनीच्या हजेरीपटातही नाहीत. तिथे असायचं फक्त मुकादमाचं नाव. अर्ज जरूर भरा, दोस्तांनो. फक्त भरताना ही कोरी जागाही आठवा.