बुडीत खात्यातली शिडे

बँकेत कर्जखाती तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. खाते बुडीत ठरले, की लाल शाईचा शेरा मारून फाइल बंद करायची, ही हाताला लागलेली सवय. योहान बार्थोल्ड योंगकिंट या डच चित्रकाराचे आयुष्य समजून घेताना मात्र त्या सवयीची थोडी लाज वाटली.

३ जून १८१९ रोजी हॉलंडमधल्या लाट्रॉप या खेड्यात जन्मलेला योंगकिंट १८४६ साली पॅरिसला गेला. डच राजाची वृत्ती होती, हात तयार होता. पण दारूने घात केला. वृत्ती बंद झाली, देणी वाढली आणि १८५५ साली तो हरून रॉटरडॅमला परतला. व्यवहाराच्या हिशेबाने खाते संपले होते. पॅरिसच्या मित्रांना ते मान्य नव्हते. १८६० च्या एप्रिलमध्ये त्यांनी आपापली चित्रे लिलावात काढली, आलेल्या पैशांतून त्याची देणी फेडली आणि त्याला परत आणले. त्याच वर्षी चित्रकला शिकवणारी जोसेफीन फेसर त्याला भेटली. तिने त्याला अखेरपर्यंत सांभाळले.

दोनच वर्षांनी, १८६२ साली, हॉलंडच्या दृश्यांच्या त्याच्या सहा एचिंग्जचा संच प्रसिद्ध झाला. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचे आणि पत्रा आम्लात ठेवायचा. सुई फिरली तेवढेच तांबे आम्ल खाते. त्या खाचांत शाई भरून कागदावर ठसा घ्यायचा. चुकलेली रेघ सहजी पुसता येत नाही. योंगकिंट रेघा मोजक्याच ओढी. थोड्या तुटक रेघांच्या लाटा होत, उभ्या रेघांच्या डोलकाठ्या. उरलेला कोरा कागद आभाळ होई. ओंफ्लर बंदरातून निघालेली त्याची गलबते पाहताना शिडात भरलेला वारा जाणवतो.

१८६२ सालीच तरुण क्लोद मोने त्याला भेटला. आपली नजर योंगकिंटने घडवली, हे ऋण मोनेने पुढे मोकळेपणी मानले. मोनेच्या बंदरावरील सूर्योदयाच्या चित्रावरून १८७४ साली इम्प्रेशनिस्ट हे नाव रूढ झाले, त्या प्रदर्शनात योंगकिंट नव्हता.

९ फेब्रुवारी १८९१ रोजी ग्रनोब्लजवळच्या मनोरुग्णालयात तो गेला. त्याच वर्षी जोसेफीनही गेली. दारू त्याला कायमची सोडून गेली नव्हती. मित्रांनी ते जाणूनच पैसे भरले होते. तारण काहीच नव्हते. होता तो एका माणसावरचा विश्वास. माझ्या बंद फायलींत असे किती योंगकिंट राहून गेले असतील, हा हिशेब आता मला लागत नाही.