बारशाचं ते गोड जेवण

घरात बारसं निघालं की कोणाला बोलवायचं, पंगतीला काय वाढायचं, हे आपण ठरवतो असं नुसतं वाटतं. खरं तर ते आधीच ठरलेलं असतं. त्यालाच आपण रीत म्हणतो. रीत मोडली की लोक काय म्हणतील, या भीतीनं कर्ज काढून पंगती उठवणारी घरं आजही कमी नाहीत.

सव्वाशे वर्षांपूर्वी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावात असंच एक बारसं झालं. आपल्या कारंज्याहून हा भाग काही लांब नाही. वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, त्याआधी आपण सगळे अकोला जिल्ह्यातलेच. तर या गावात डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाच्या तरुण शेतकऱ्याला मुलगी झाली. आलोका तिचं नाव. समाजाच्या रीतीप्रमाणे बारशाला मटणाचं जेवण आणि दारू हवी. पाहुणे त्याच तयारीनं आले. पण पानात वाढलं गोड जेवण, आणि दारूचा थेंबही नाही!

कल्पना करा, त्या पंगतीतली तोंडं कशी झाली असतील! भाऊबंद कुरकुरले, नावं ठेवली. डेबूजी मात्र ढळले नाहीत, कारण त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी अकालीच गेले होते. सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी दापुरेला आल्या होत्या आणि मामाच्या घरी गुरं राखत, शेती करत तो वाढला होता. दारूनं घर कसं बसतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला पंगतीची नाराजी ती काय मोठी?

हे डेबूजी म्हणजेच आपले गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट कुटुंबातला. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं गावोगाव फिरत काढली.

त्यांचा वेश आठवा. अंगावर चिंध्या, डोक्यावर नाहीतर हातात मातीचं गाडगं, दुसऱ्या हातात काठी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. एका पायात एक, दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल. बरं का, फुटकी बांगडी आपण अशुभ म्हणून चटकन झाडून टाकतो. बाबांनी ती कानात मिरवली! गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचा आणि रस्ता झाडायचा. लोक त्यांना वेडा समजत, हाकलून देत. मग रात्री तोच वेडा कीर्तनाला उभा राहिला की सकाळी हिडीसफिडीस करणारे खाली माना घालून बसत. माणूस कपड्याला मान देतो की माणसाला, हे बाबांना न विचारताच कळायचं.

कीर्तनातही ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढत. देवाला बकरं कापू नका, सण-लग्नासाठी कर्ज काढू नका, शिवाशीव पाळू नका, हे सांगणं. बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या पण मुलांना शिकवा, असंही ते सांगत. समोरच्या बायका थोड्या रुसल्याही असतील! स्वतःच्या पाया कोणाला पडू देत नसत, पडलाच तर काठी उगारत. पंढरपूरला, नाशिकला, मूर्तिजापूरला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. एवढी माया जमली, पण घरच्यांना त्यातला एक पैसा घेऊ दिला नाही.

इथं माझ्यातली गृहिणी थबकते. बाबा निघून गेले तेव्हा मागं म्हातारी आई होती, लहान लेकरं होती आणि कुंताबाई होत्या. मुलगा गोविंदा कुत्रं चावून १९२३ साली गेला. ती बातमी बाबांना कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना मिळाली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. आपण हे ऐकतो आणि हात जोडतो. पण घरी त्या आईनं काय केलं असेल? बाबांनी जगाची रीत मोडली, तिची किंमत कुंताबाईंनीही मोजली. त्यांच्या नावाची जयंती कुठं होत नाही.

हे मला उमगलं ते माझ्याच चुकीवरून. काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी शेजारच्या एका विधवा ताईंना बोलावलं आणि सगळ्यांदेखत पहिलं कुंकू त्यांनाच लावायला गेले. एकीला गॅसवरचं दूध आठवलं, दुसरी वाण न घेताच उठली. सगळ्यांचे चेहरे मी बघत होते, मनातून थोडी खूशही होते. पण ताईंनी हात मागं घेतला आणि त्या थरथरत होत्या, हे मला उशिरा दिसलं. घरी जाऊन बोलणी त्यांना खावी लागली, मला नाही. मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं! पुढच्या वर्षी आधी घरी जाऊन विचारलं, सासूबाईंशीही बोलले. त्या आल्या, सोबत आणखी दोघींना घेऊन आल्या.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एकटीवर बोट येऊ नये म्हणून सगळ्या गावानं मिळून तो केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, आपल्या लेकी त्याच्या पदव्या घेतात. येत्या बारशाला, हळदीकुंकवाला एखादी नकोशी रीत जरूर मोडा. लोकांचे चेहरेही बघा. फक्त त्याआधी, ज्या बाईला त्याचा त्रास होणार आहे, तिच्याजवळ जाऊन दोन मिनिटं बसा.