चवदार तळ्याचा दावा

आपल्यापैकी जे चौक, कर्जत, खालापूर या परिसरात राहतात त्यांना बांधाचे तंटे नवे नाहीत. सातबारा एक सांगतो, वहिवाट दुसरेच सांगते आणि न्यायालयाला या दोहोंमधून मार्ग काढावा लागतो. याच जिल्ह्यातील, तेव्हाच्या कुलाब्यातील, महाड येथे असा एक दावा उभा राहिला. त्यात प्रतिवादी होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेल्या आंबेडकरांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. कोलंबिया व लंडन येथील अध्ययन पूर्ण करून ते 1923 मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. त्यांची विद्वत्ता आपणांस परिचित आहे. येथे त्यांना पक्षकार म्हणून पाहावयाचे आहे.

महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरणार हे दिसताच काही स्पृश्य रहिवाशांनी 12 तारखेस दिवाणी दावा दाखल केला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

25 डिसेंबरला हजारो माणसे पाण्यासाठीच आलेली होती. हुकूम मोडावा, तर सनातन्यांबरोबर सरकारशीही झुंज. पाळावा, तर आलेल्यांची निराशा. आंबेडकरांनी तो पाळला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील अत्यंत कठीण निर्णयांपैकी हा एक होय. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले; तळ्याच्या पाण्याला मात्र कोणी स्पर्श केला नाही.

वादींचे म्हणणे असे, की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तेथे न येण्याची रूढी अनादी आहे. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. ‘वहिवाट’ हा शब्द वापर सांगतो. त्यावरून दुसऱ्याला वगळण्याचा हक्क सिद्ध होतो काय? तळ्याभोवती स्पृश्यांची घरे होती. जेथे इतरांना पाऊल टाकण्याचा प्रसंगच आला नाही, तेथे त्यांना हक्काने रोखले जात होते असे कसे म्हणावे?

महाडचे न्यायालय, मग ठाण्याचे, दोन्हीकडे वादी हरले. अखेर 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. तळ्याची मालकी खाजगी ठरली नाही आणि अनादी रूढीही शाबीत झाली नाही. (1922 मध्ये अहमदाबादेस गांधीजींना शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच.) ठरावाने जे साधले नाही, त्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ न्यायालयाची पायरी चढावी लागली.

त्याच वर्षी आंबेडकर मुंबई विधानसभेत निवडून आले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. खोती निर्मूलनाचा कायदा 1949 मध्ये झाला.