मदरशातून न्यायासनापर्यंत : न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी



दरवर्षी शालान्त परीक्षेचे निकाल लागले की जुमाच्या नमाजनंतर आपल्यापैकी काही बांधव मजजवळ थांबतात. मुलाला मदरशात घालावे की महाविद्यालयात, हा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्नातला 'की' हा शब्द मला नेहमी खटकतो. मी स्वतः मदरशात शिकलो आणि नंतर मराठी विषय घेऊन पदवीधर झालो. तरीही प्रत्येक वेळी माझ्याजवळ तयार उत्तर असतेच असे नाही. म्हणून आज आपल्यापुढे अशा एका व्यक्तीचे जीवन ठेवतो, जिच्या घरात हा प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1844 रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे आणि मूळचे खंबायतचे. वडील मुल्ला तय्यबअली हे व्यापारी होते. इंग्रजी शिक्षण म्हणजे ईमान गमावणे, अशी समजूत त्या काळी आपल्या समाजात खोल रुजलेली होती. अशा वेळी या मुल्लाने आपल्या पुत्रांना विलायतेस पाठविण्याचे धाडस केले. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून मान्यता मिळविणारे पहिले भारतीय ठरले.

परंतु वाचकहो, येथे क्रमाकडे लक्ष द्या. बद्रुद्दीन प्रथम गेले ते दादा मखबा यांच्या मदरशात. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी यांचा पाया तेथे घातला गेला. एल्फिन्स्टन संस्था त्यानंतर आली आणि 1860 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, लंडन आले. पिता आधी मुळाला पाणी घालतो आणि मग फांद्या मोकळ्या सोडतो, तसे हे झाले.

लंडनचा प्रवास सुखाचा नव्हता. दृष्टी अधू होत गेली. मिडल टेंपलमधील कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून 1864 मध्ये त्यांना मायदेशी परतावे लागले. दुसऱ्या एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानून घरचा व्यापार धरला असता. हे मात्र पुढच्याच वर्षी पुन्हा गेले, एप्रिल 1867 मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबईत वकिली करणारे पहिले भारतीय बॅरिस्टर ठरले.

त्यांनी संपत्ती आणि कीर्ती मिळविली, त्याविषयी अधिक लिहीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष 1874 हे आहे. त्या वर्षी कमरुद्दीन, बद्रुद्दीन, नाखुदा मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद आदी मंडळींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. 1880 मध्ये तिची शाळा सुरू झाली. इंग्रजी आणि गणितासोबत दीनी तालीमही एकाच छपराखाली देणारी ही शाळा होती. पुढे 1893 मध्ये बोरीबंदर स्थानकासमोर अंजुमनची देखणी इमारत उभी राहिली. आपण मुंबईस उतरलात की ती आजही समोर दिसते. बद्रुद्दीन साहेब प्रारंभी संस्थेचे सचिव होते, पुढे अखेरपर्यंत अध्यक्ष. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवरही ते दीर्घकाळ होते. म्हणजे मोहल्ल्यातील पहिलीचा वर्ग आणि विद्यापीठाची पदवी ही दोन्ही टोके त्यांच्या दृष्टीसमोर होती.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. वेळापत्रकात दीनियातचा तास घातला म्हणजे दीन आणि विज्ञान एकजीव झाले, असे होत नाही. अंजुमनने दोन्ही विद्यांना एका वाड्यात आणले, परंतु त्यांच्यामधील भिंत पाडण्याचे काम शिल्लक राहिले, असे माझे मत आहे. आपल्या जिल्ह्यात मालेगावच्या मन्सूरा येथे अरबी मदरसा, युनानी वैद्यक आणि अभियांत्रिकी एकाच संस्थेच्या छत्राखाली आहेत. तेथेही हेच काम चालू आहे, आणि ते सोपे नाही.

1887 मध्ये मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. हे पद भूषविणारे ते पहिले मुस्लिम. यावरून सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला, कारण मुस्लिमांनी राष्ट्रीय सभेपासून दूर राहावे असे सर सय्यद यांना वाटे. दोघांत पत्रव्यवहार झाला, मात्र मत कोणीही बदलले नाही. तरीही सर सय्यद यांनी स्थापन केलेली शैक्षणिक परिषद 1903 मध्ये मुंबईत भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी बद्रुद्दीन साहेबच होते. तोवर सर सय्यद यांना जाऊन पाच वर्षे झाली होती. शिक्षणाच्या कामात जुना वाद त्यांनी आड येऊ दिला नाही. त्याच व्यासपीठावरून त्यांनी पडद्याच्या रूढीविषयी जे मत मांडले, ते अनेक उलेमांना रुचले नाही. त्या मताशी मीही पूर्णपणे सहमत नाही. परंतु इतरांच्या मुलींविषयी बोलणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलींना आधी शिकविले होते. 1904 मध्ये दोन कन्यांना त्यांनी इंग्लंडला शाळेत धाडले.

महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो आणखी एका प्रसंगामुळे. 1895 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. इतर न्यायमूर्तींनी जामीन नाकारल्यावर अर्ज बद्रुद्दीन साहेबांसमोर आला आणि त्यांनी जामीन मंजूर केला. सरकारची मर्जी काय असेल, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पवित्र कुरआन न्यायासाठी खंबीर उभे राहण्याची आज्ञा देतो, मग तो न्याय स्वतःच्या विरुद्ध का जाईना. ही आज्ञा मुलाच्या कानी प्रथम कोठे पडते आणि कायद्याचे कलम तो कोठे शिकतो, याचा विचार करताना मला हा जामीन आठवतो.

1902 मध्ये त्यांनी मुंबईचे हंगामी मुख्य न्यायमूर्ती म्हणून काम पाहिले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट 1906 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या शहरात सोळा वर्षांचा मुलगा अधू डोळ्यांनी पुस्तके वाचीत बसला होता, तेच ते शहर. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. अंजुमनची शाळा त्यांच्यानंतरही भरत राहिली. आज त्या संस्थेची अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत.